शक्तिमान ट्रकचे वय

सरकारी मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू झाला. दिल्ली आणि परिसरात डिझेल वाहनासाठी ठरलेली मर्यादा त्याहून कमी, म्हणजे १० वर्षांची होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये ती घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. दोन्ही नियमांमागे एकच गृहीतक आहे : यंत्राचे वय वर्षांत मोजावे.

याच देशाच्या ईशान्येकडील डोंगरांत मात्र असा एक ट्रक अजून रोजच्या कामावर जातो, ज्याचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. त्यातील सर्वांत धाकट्याचेही वय आता तिशीच्या घरात आहे. लांब नाक, बसके केबिन, उंच चाके आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी रचना असलेला हा ट्रक म्हणजे भारतीय सैन्याने निवृत्त केलेला ‘शक्तिमान’. मेघालयाच्या जैंतिया टेकड्यांत, नागालँडच्या नि अरुणाचलाच्या चिखलवाटांवर तो दगड, वाळू, लाकूड वाहून नेतो. तो कोणा हौशी संग्राहकाच्या अंगणात शोभेला उभा नसतो. त्याच्या फेरीवर कुणाची तरी त्या दिवसाची मजुरी अवलंबून असते. म्हणूनच त्याच्याविषयी कौतुक वाटते, आणि त्या कौतुकाचा हिशेबही चोख मांडावा लागतो.

जबलपूरचा जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतर भारतीय सैन्याच्या वाहनतळांवर नाना वंशांचे ट्रक होते. त्यांत अमेरिकी, ब्रिटिश आणि कॅनडात बांधलेल्या गाड्या होत्या. युद्ध संपले, त्यांचे कारखाने दुसऱ्या कामाला लागले आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. देशात वाहन उद्योग होता, पण तो बाल्यावस्थेत होता. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स डॉज आणि फार्गो ट्रक जुळवीत असे. जमशेदपूरला रेल्वे इंजिने बनवणाऱ्या टेल्कोने डेमलर-बेंझशी करार केला आणि १९५४ मध्ये तिथून पहिला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडला. मद्रासजवळ एन्नोर येथे ऑस्टिन मोटारी जुळवण्यासाठी १९४८ मध्ये सुरू झालेली अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली आणि तिचा ‘कॉमेट’ दक्षिणेच्या रस्त्यांवर दिसू लागला. डिझेल इंजिनाचे हृदय असलेला इंधनपंप बनवण्यासाठी बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळूरला ‘मायको’ उभी राहिली. दहा वर्षांच्या आत ट्रकविद्येचे बहुतेक अवयव देशात जमू लागले होते.

सैन्याची गरज मात्र वेगळी होती. माल कमी चालेल, पण रस्ता नसतानाही जाता आले पाहिजे. व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ मध्ये संरक्षणमंत्री झाले. सैन्याला लागणारी सामग्री आयुधनिर्माणींत बनवण्याचा आग्रह त्यांनी धरला. जर्मनीच्या मान कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि १९५९ मध्ये जबलपूरच्या तोफगाडा कारखान्यात, म्हणजे १९०४ साली उभ्या राहिलेल्या गन कॅरेज फॅक्टरीत, शक्तिमानची निर्मिती सुरू झाली. मेनन यांच्या आयुधनिर्माणींवर संसदेत नि वृत्तपत्रांत कडवट टीका झाली. शस्त्रे सोडून कॉफीची यंत्रे बनवतात, असा तिचा सूर होता. १९६२ च्या पराभवानंतर मेनन गेले, पण ट्रक राहिला. १९६९ मध्ये जबलपूरलाच स्वतंत्र वाहन निर्माणी सुरू झाली आणि पुढे शक्तिमान तिथे बनू लागला.

त्याच सुमारास, ७ मे १९६० रोजी, सीमा रस्ते संघटना स्थापन झाली. हिमालयात रस्ते फोडणारी संघटना आणि त्या अर्ध्या-कच्च्या रस्त्यांवर चालू शकेल असा ट्रक एका वर्षाच्या अंतराने जन्माला आले, ही बाब इतिहासात सहसा एकत्र मांडली जात नाही. वास्तविक ती एकाच गरजेची दोन रूपे होती.

ऑग्सबर्गचा वारसा

शक्तिमानचे इंजिन समजून घ्यायचे तर मूळ गावी जावे लागते. रुडोल्फ डिझेल याने आपले पहिले इंजिन जर्मनीतील ऑग्सबर्गच्या यंत्रशाळेत बांधले. पुढे तीच यंत्रशाळा मान कंपनीचा भाग झाली. फेब्रुवारी १८९७ मधील चाचणीत त्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामात रूपांतरित केली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांना दहा टक्क्यांच्या आसपास पोचतानाही धाप लागत असे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापून इंधन पेटवील, एवढेच त्याचे तत्त्व. हवेचे आकारमान १७ पटींनी कमी केले, तर २७ अंश सेल्सिअसची हवा आदर्श गणितानुसार ६६० अंशांच्या जवळ जाते. प्रत्यक्षात भिंतींतून उष्णता निसटते आणि तापमान काहीसे कमी राहते, तरी डिझेल पेटायला ते पुरून उरते. अडचण वेगळीच असते. इंधन फवारल्यावर ते पेटण्याआधी क्षणाचा उशीर होतो. तेवढ्या वेळात साचलेले इंधन मग एकदम पेटते, दाब उसळतो आणि तो परिचित ‘खड्खड्’ आवाज होतो. प्रत्येक ठोका पिस्टन आणि बेअरिंगवर हातोड्यासारखा बसतो.

१९५० च्या दशकात मान कंपनीच्या झिगफ्रीड मोयरर यांनी या अडचणीवर एक विलक्षण उपाय शोधला. त्यांनी पिस्टनच्या माथ्यावर गोलाकार पोकळी ठेवली. प्रचलित समजुतीनुसार इंधन हवेत जितके बारीक विखुरले जाईल तितके चांगले. मोयरर यांनी उलट केले. इंधनाचा बहुतांश भाग त्यांनी पोकळीच्या भिंतीवरच पातळ थरासारखा पसरवला आणि अगदी थोडा अंश हवेत राहू दिला. तो अंश आधी पेटतो. आत येणाऱ्या हवेला मुद्दाम भोवऱ्यासारखी गती दिलेली असते. तो भोवरा भिंतीवरचा थर पापुद्र्यापापुद्र्याने उडवत नेतो आणि तो क्रमाक्रमाने जळतो. दाब एकदम न उसळता चढत जातो आणि आवाज इतका उतरतो की जर्मनीत त्याला ‘कुजबुजणारे डिझेल’ असे नाव पडले. इंधन आधी भिंतीवर बसून मग वाफ होत असल्याने ते नेमके कोणते आहे याविषयी हे इंजिन फारसे चोखंदळ नसते. जगभरच्या सैन्यांना या ‘एम-पद्धती’चे आकर्षण वाटले ते त्यामुळेच. युद्धात कोणत्या पिंपात काय मिळेल याचा भरवसा नसतो.

निसर्ग कोणतीही सोय फुकट देत नाही. भिंतीवर इंधन पसरवायचे तर भिंत गरम हवी. थंड इंजिनात थर नीट उडत नाही, अर्धवट जळलेल्या इंधनाचा पांढरा धूर निघतो. शिवाय ज्वाला भिंतीलगत असल्याने उष्णता धातूत अधिक मुरते आणि तेवढी कामासाठी उरत नाही. पुढे इंधनाची बचत महत्त्वाची ठरली तेव्हा खुद्द मान कंपनीनेच ही पद्धत मागे टाकली.

उंचीवर आणखी एक परीक्षा असे. प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने ३,५०० मीटरच्या आसपास असलेल्या झोजिलावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असते, तर ५,३०० मीटरच्या पुढे असलेल्या खारदुंग लावर ५८ टक्क्यांच्या जवळपास. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाला तेवढाच कमी प्राणवायू मिळतो, पण यांत्रिक पंपाला उंची कळत नाही. तो इंधन पूर्वीइतकेच ढकलतो. हवा कमी आणि इंधन तेवढेच, म्हणून जोर घटतो आणि काळा धूर वाढतो. घाटात धापा टाकत काळा धूर सोडणारा लष्करी ट्रक हे चित्र चालकाच्या हलगर्जीपणाचे नाही. हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडले की हेच होते.

इतके दिवस कसे टिकले?

जुने ते टिकाऊ, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्या काळातील कित्येक यंत्रे केव्हाच भंगारात गेली. टिकलेल्यांची कारणे मोजता येण्याजोगी आहेत.

पहिले कारण म्हणजे मवाळ मागणी. त्या पिढीच्या ट्रकांत आकारमानाच्या मानाने शक्ती फार कमी घेतली जाई. टाटांचे प्रसिद्ध ‘६९७’ इंजिन पाहावे. हे नाव म्हणजे ६ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर व्यास. जुन्या गाड्यांच्या नावांतच असे गणित दडलेले असे. ‘१२१०’ म्हणजे साधारण १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. तर या ६९७ इंजिनाचे आकारमान ५.७ लिटरच्या जवळपास, आणि त्यातून मिळे लिटरमागे २० अश्वशक्तीच्या आसपास. आजचे टर्बोचार्जर असलेले इंजिन लिटरमागे त्याच्या जवळजवळ दुप्पट काम करून घेते. शक्तिमानचे इंजिनही त्या जुन्या, सबुरीच्या कुळातले.

एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या रेल्वेत ऑगुस्ट व्योलर यांनी गाड्यांचे आस का तुटतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. एकदा सहज पेलणारा भार लाखो वेळा पडला की पोलादात सूक्ष्म भेगा वाढतात, हे त्यांनी दाखवून दिले. यालाच धातूचा थकवा म्हणतात. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट दिसली : ताण एका मर्यादेखाली राहिला, तर पोलाद व्यवहारतः कितीही फेरे सोसते. जुन्या ट्रकांच्या जाड चासीला, भरभक्कम कमानपाट्यांना, ओबडधोबड वाटणाऱ्या गिअरना अभियंत्यांनी सढळ हाताने धातू दिला होता. त्या वेळी आजच्यासारखी संगणकीय गणिते नव्हती, म्हणून अनिश्चिततेची भरपाई जाडीने केली जाई. त्या अज्ञानाचा लाभ आजच्या मालकाला मिळतो आहे. अर्थात, क्षमतेच्या दुप्पट दगड भरले की व्योलर यांची मर्यादा ओलांडली जाते आणि मग पाटे तुटतात, आस मोडतो.

दुसरे कारण, यंत्राचे सारे ज्ञान यंत्रातच उघडे पडलेले असणे. त्या इंजिनाचा इंधनपंप हा या संदर्भात पाहण्याजोगा नमुना आहे. प्रत्येक सिलिंडरसाठी एक बारीक दट्ट्या, दट्ट्यावर तिरकी कोरलेली खाच, आणि सर्व दट्ट्यांना एकत्र फिरवणारी एक दातेरी पट्टी. दट्ट्या किंचित फिरला की खाचेची जागा बदलते आणि किती डिझेल जायचे ते ठरते. ‘किती इंधन’ या प्रश्नाचे उत्तर इथे धातूच्या आकारात लिहिलेले असते. वीज, संगणक, संवेदक यांतले काहीच लागत नाही. एखादा मिस्त्री ते उघडून पाहू शकतो, हाताने चाचपू शकतो, झीज ओळखू शकतो. सिलिंडर झिजला तर तो घासून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो किंवा लायनर बदलता येतो. मुळाबरहुकूम भाग न मिळाल्यास लेथवर घडवता येतो, नाहीतर दुसऱ्या मोडक्या ट्रकचा काढून लावता येतो.

तिसरे कारण म्हणजे संख्या. सैन्याने एकच नमुना जवळजवळ चार दशके बनवला. लिलावांतून निवृत्त ट्रक बाहेर पडले, त्यांच्याबरोबर सुटे भाग आले आणि सैन्यात त्यावर हात बसलेले कारागीरही आले. त्यामुळे एका प्रदेशात पुरेसे सारखे ट्रक, पुरेसे मिस्त्री आणि पुरेसे मोडके सांगाडे जमले की त्या यंत्राची एक परिसंस्था तयार होते. ईशान्येत शक्तिमानची ती तयार झाली. एकटे यंत्र कितीही दणकट असले तरी अशा परिसंस्थेवाचून तीन दशके चालत नाही.

डोंगरातली दुसरी कारकीर्द

या परिसंस्थेला खतपाणी कोणी घातले, हेही सांगायला हवे. पावसाळ्यात गुडघाभर चिखल होणाऱ्या जंगलवाटांवर साधा मालट्रक रुततो. चारही चाके ओढणारा, जमिनीपासून उंच, सावकाश पण न थकता चढणारा ट्रक तिथे अमोल होता. आसाम आणि अरुणाचलातील प्लायवूड कारखान्यांना लागणारे ओंडके जंगलातून काढण्याच्या कामी असे ट्रक जुंपले गेले. मग १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभर वनतोडीला लगाम घातला आणि ईशान्येतून बाहेर जाणाऱ्या लाकडाची वाहतूक थांबवली. जबलपूरला ज्या वर्षी शक्तिमानची निर्मिती थांबली, त्याच वर्षी त्याच्या दुसऱ्या कारकिर्दीचे मोठे कामही आटले.

जैंतिया टेकड्यांत मग कोळसा होता. उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींतून काढलेला कोळसा खाणीच्या तोंडापासून पक्क्या रस्त्यावरच्या डेपोपर्यंत आणण्यासाठी हाच ट्रक सोयीचा पडला. एप्रिल २०१४ मध्ये हरित न्यायाधिकरणाने त्या खाणकामावर बंदी घातली. त्यामागे मजुरांचे जीव आणि आम्लाने नासलेल्या नद्या ही दोन्ही कारणे होती. थोडक्यात, ज्या अंगभूत गुणांनी शक्तिमान कौतुकास पात्र ठरतो त्याच गुणांनी त्याने जंगल आणि डोंगर उपसण्याचे काम सोपे केले. यात यंत्राचा दोष नाही, परंतु त्याचे गुणगान करताना तो कशासाठी इतका उपयोगी ठरला हे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आज त्याच्या हौद्यात बहुधा बांधकामाचे दगड, वाळू किंवा गावात वापरायचे लाकूड असते, आणि जिथे पक्का रस्ता अजून पोचलेला नाही तिथे तो गावाचा मालवाहू असतो.

कार्बनचा हिशेब, काजळीचा हिशेब

असा ट्रक मोडीत काढावा की चालू ठेवावा? एक ढोबळ आकडेमोड या प्रश्नाला आकार देते.

नवा ट्रक बनवायचा तर पोलाद लागते. भारतात १ टन पोलादामागे साधारण २.५ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ५ टनांच्या ट्रकसाठी हा आकडा १२ टनांच्या आसपास धरू. नवे इंजिन जुन्यापेक्षा १५ टक्के डिझेल वाचवते असे मानू. महामार्गावर वर्षाला ८०,००० किलोमीटर धावणारा ट्रक लिटरला ४ किलोमीटर जात असेल तर २०,००० लिटर डिझेल पितो. एका लिटरमागे २.७ किलोग्रॅम या दराने तो ५४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यातले १५ टक्के म्हणजे ८ टन. नव्या ट्रकच्या निर्मितीतला खर्च दीड वर्षात भरून निघतो. इथे जुना ट्रक चालवत राहणे सरळसरळ तोट्याचे आहे.

आता डोंगरातला ट्रक पाहू. रोज २० किलोमीटर, वर्षातले २५० दिवस, लिटरला ३ किलोमीटर. वर्षाचे डिझेल १,७०० लिटरच्या आत, म्हणजे कार्बन डायऑक्साइड साडेचार टन. १५ टक्के बचत म्हणजे एक टनाहूनही कमी. निर्मितीचे १२ टन फेडायला १८ वर्षे लागतील. कार्बनच्या दृष्टीने या ट्रकला मोडीत काढून नवा बनवण्यात फारसे शहाणपण नाही. सारख्याच वयाचे दोन ट्रक, पण निकाल उलटे. कॅलेंडर हा भेद पाहू शकत नाही.

इथेच थांबले तर हिशेब गोड होईल, पण अपुरा राहील. काजळीचे काय? जड डिझेल इंजिनाच्या काजळीवर भारतात पहिली मर्यादा २००० साली आली : शाफ्टवर मिळणाऱ्या प्रत्येक युनिट कामामागे ०.३६ ग्रॅम. २०२० च्या भारत स्टेज ६ मध्ये ती ०.०१ ग्रॅमवर आली, म्हणजे ३६ पटींनी कमी. शक्तिमानचे इंजिन या मर्यादांच्या आधीचे आहे. तरी सवलत देऊन त्याला २००० सालचाच आकडा लावू. १ लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, त्यातली ३ युनिट कामात येतात. डोंगरातल्या ट्रकचे वर्षाचे काम ५,००० युनिट आणि काजळी १.८ किलोग्रॅम. महामार्गावरच्या नव्या ट्रकचे काम ६०,००० युनिट, पण काजळी फक्त ०.६ किलोग्रॅम. सोळा पट अंतर कापूनही नवा ट्रक जुन्याच्या एक तृतीयांश काजळी सोडतो. झिजलेल्या इंजिनाची प्रत्यक्ष काजळी याहून बरीच जास्त असू शकते. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. त्या धुराच्या सर्वांत जवळ चालक, क्लीनर आणि रस्त्याकडेची वस्ती असते. यात जुने ब्रेक, पट्ट्याविना आसने यांची भर घातली की कौतुकाला आपोआप लगाम बसतो.

म्हणजे कार्बनचा हिशेब एक सांगतो आणि काजळीचा दुसरे. तुरळक वस्तीच्या डोंगरात दिवसाला दोन फेऱ्या करणारा ट्रक आणि दाट वस्तीच्या शहरात दिवसभर फिरणारा तसाच ट्रक यांना एकच न्याय लावता येत नाही. यंत्राचे वय ठरवायचे तर ते किती काम करते, कुठे करते आणि प्रत्यक्षात काय सोडते, या तिन्ही गोष्टी मोजाव्या लागतात. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणात हे तत्त्व अंशतः आहेच. त्यात खासगी आणि व्यावसायिक वाहनाचे भवितव्य स्वयंचलित केंद्रातील तंदुरुस्ती चाचणीवर सोपवले आहे. धूर आणि ब्रेक यंत्राने मोजणारी अशी केंद्रे दुर्गम जिल्ह्यांतही प्रामाणिकपणे चालली, तर त्या धोरणाला अर्थ येईल. मग काही शक्तिमान नक्कीच नापास होतील, आणि तसेच व्हायला हवे.

ज्ञान कोणाच्या हाती?

शक्तिमानकडून घेण्यासारखा खरा धडा त्याच्या धुरात नाही, त्याच्या उघडेपणात आहे. भारत स्टेज ६ चा ट्रक हा विज्ञानाचा मोठा विजय आहे. त्याची गाळणी काजळी अडवून जाळते, युरियाचे द्रावण नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी करते, संवेदक आणि संगणक हे सारे क्षणोक्षणी जुळवून ठेवतात. हे नको म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. पण या संगणकाशी बोलण्याची किल्ली बहुधा कंपनीच्या अधिकृत केंद्राकडेच असते. एखादा संवेदक रुसला तर इंजिनाची शक्ती आपोआप कमी केली जाते आणि जिल्ह्याच्या गावातला मिस्त्री हातावर हात ठेवून उभा राहतो. ज्या मिस्त्रीने तीस वर्षे शक्तिमान चालता ठेवला त्याच्या हातून यंत्र समजून घेण्याचा अधिकारच निसटतो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. दोषनिदानाची माहिती, साधने आणि सुटे भाग स्वतंत्र मिस्त्रीला मिळावेत, ही मागणी अनेकांना ग्राहकांच्या सोयीची वाटते. ती विज्ञानाशीही तितकीच निगडित आहे. देशातील असंख्य तरुणांनी ऊष्मागतिकी, धातूचा थकवा आणि द्रवाचा दाब हे विषय पुस्तकात वाचण्याआधी मिस्त्रीच्या हाताखाली अनुभवले. ती प्रयोगशाळा बंद पडली, तर नवे ट्रक स्वच्छ असतील, पण ते समजणारी माणसे मोजक्या केंद्रांपुरती उरतील.

स्वच्छ धूर आणि उघडे ज्ञान यांत तत्त्वतः विरोध नाही. निसर्गाचा कोणताही नियम असे सांगत नाही की काजळी गाळणारे यंत्र कुलूपबंदच असले पाहिजे. ते कुलूप बाजाराने घातलेले आहे आणि धोरणाने उघडता येते. शक्तिमान आज ना उद्या थांबेल, आणि त्याच्या जागी येणारा ट्रक निःसंशय कमी काजळी सोडणारा असावा. त्याबरोबर तो दूरच्या डोंगरातल्या मिस्त्रीला उघडून पाहता येईल, समजेल आणि दुरुस्त करता येईल असाही असावा. जबलपूरच्या त्या ट्रकच्या दीर्घायुष्याचे सर्वांत मोठे कारण तेच होते.